पटाविना बुद्धिबळ : हाती आलेला डाव निसटतो कोठे?

पटाकडे न पाहता खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाला मराठीत एकच रूढ नाव नाही. कोणी ‘डोळे बांधून खेळणे’ म्हणतात, कोणी ‘पाठमोरे खेळणे’. ‘ब्लाइंडफोल्ड’ हा इंग्रजी शब्दही सर्रास ऐकू येतो. डोळ्यांवर प्रत्यक्ष पट्टी मात्र क्वचितच असते. खेळाडू पटाकडे पाठ करून बसतो, प्रतिस्पर्ध्याची खेळी त्याला मोठ्याने सांगितली जाते आणि तो आपली खेळी तोंडी कळवतो. चौसष्ट घरे आणि बत्तीस मोहरी एवढा सारा संसार त्याला मनात सांभाळावा लागतो.

हा प्रकार सर्कशीतल्या कसरतीसारखा वाटण्याचा संभव आहे; पण नेहमीच्या खेळापासून तो फार दूर नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्यात विश्वचषक स्पर्धा झाली आणि उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव विजेता ठरला, तेव्हा बुद्धिबळ न खेळणाऱ्या अनेक गोमंतकीयांनीही हे सामने पडद्यावर पाहिले. अशा सामन्यांत पटावरची नजर काढून छताकडे पाहत विचार करणारे खेळाडू हमखास दिसतात. पुढच्या चार खेळ्यांनंतरची स्थिती पटावर नसतेच. ती मनातच मांडावी लागते, आणि समोरचा पट त्या कामी उलट अडथळा ठरू शकतो. त्या अर्थाने दूरचा विचार करणारा प्रत्येक खेळाडू काही काळ पटाविनाच खेळत असतो. म्हणूनच पटाविना खेळताना जिंकणाऱ्या खेळ्या नेमक्या कोणत्या सुटतात, हा प्रश्न विक्रमवीरांपुरता उरत नाही.

तार्नोपोलचा डाव

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, अलेक्झांडर अलेखाइन तार्नोपोल येथे रुग्णालयात होता. पुढे जगज्जेता झालेल्या या खेळाडूने तेथे पट न पाहता काही डाव खेळले. फेल्ट नावाच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा त्यांतला एक डाव आजही पाठ्यपुस्तकांत सापडतो. उभ्या ओळींना ए ते एच आणि आडव्या ओळींना १ ते ८ अशी नावे धरून वाचकाने तो मनात मांडून पाहावा.

चौदा खेळ्या झाल्या आहेत. पांढऱ्याचा वजीर ई२ वर, घोडे ई५ आणि एफ३ वर, उंट डी३ आणि एफ४ वर, तर मधली प्यादी सी४ आणि डी४ वर आहेत. काळ्याचा राजा जी८ या घरात किल्लेकोट करून सुरक्षित बसला आहे. त्याचा वजीर डी८ वर, उंट ई७ आणि बी७ वर, घोडे एफ६ आणि डी७ वर, प्यादी ई६ आणि एफ५ वर. वरवर पाहता काळ्याला कोणताही धोका नाही.

अलेखाइनने ई५ वरचा घोडा एफ७ वर नेऊन चक्क दान केला. घोडा वजिरावर हल्ला करत असल्याने राजाने तो मारला. मग वजिराने ई६ वरचे प्यादे मारून शह दिला. या वजिराला कोणाचाही जोर नाही; राजाने तो खुशाल मारावा. परंतु मारला, तर एफ३ वरचा दुसरा घोडा जी५ वर येतो आणि मात होते. राजाला जायला घर उरत नाही. डी५ वर सी४ च्या प्याद्याचा डोळा आहे, डी६ आणि ई५ वर एफ४ च्या उंटाचा, एफ७ वर घोड्याचा. डी७, ई७, एफ६ आणि एफ५ ही चार घरे तर काळ्याच्याच मोहऱ्यांनी अडवली आहेत. ई७ वरचा उंट जी५ च्या घोड्याला मारू शकला असता, पण मध्ये एफ६ वर स्वतःचाच घोडा उभा आहे. फेल्टला हे शेवटी दिसले. त्याने वजीर न मारता राजा जी६ वर नेला. अलेखाइनने जी४ हे प्यादे पुढे केले, काळ्याने उंट ई४ वर आणला आणि पांढऱ्याचा घोडा एच४ वर येताच डाव मातीत संपला. तेथेही ई७ च्या उंटाला त्या घोड्याने अडवून धरले होते.

या डावात आंधळा कोण होता? पट फेल्टच्या समोर होता, अलेखाइनच्या नव्हे. फेल्ट मोहरी पाहत होता आणि अलेखाइन घरे. कोणते मोहरे कोठे उभे आहे यापेक्षा कोणते घर कोणाच्या ताब्यात आहे, कोणते रिकामे झाले आणि कोणती वाट उघडली, हे त्याला ठाऊक होते. ई५ वरचा घोडा हलताच ई२ पासून ई६ पर्यंत वजिराची वाट मोकळी होते, हा त्या डावाचा गाभा आहे.

आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८९४ साली अशा खेळाडूंवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यालाही हेच आढळले. खेळाडूंच्या मनात पटाचे रंगीत छायाचित्र असेल, अशी त्याची अपेक्षा होती. उत्तम खेळाडूंची उत्तरे निराळी होती. मोहऱ्याचा आकार, लाकडाचा रंग हे त्यांना दिसत नसे. मोहऱ्याची शक्ती कोणत्या दिशेला धावते एवढेच जाणवत असे. रंगरूपासह सगळा पट डोळ्यांपुढे आणण्याची धडपड बहुधा कच्चा खेळाडू करतो.

सुटते काय?

पट दिसत नसल्यामुळे घोडचुका वाढत असणार, असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासण्याची उत्तम संधी मोनॅकोच्या ‘मेलडी अँबर’ स्पर्धेने दिली. तेथे १९९३ ते २०११ या काळात जगातले अव्वल खेळाडू त्याच प्रतिस्पर्ध्याशी एक जलद डाव पट पाहून आणि एक पट न पाहता खेळत. न पाहता खेळताना समोर संगणकाचा पडदा असे आणि त्यावर रिकामा पट. विश्वनाथन आनंदने ही स्पर्धा अनेकदा गाजवली. ख्रिस्तोफर शाब्री आणि एलियट हर्स्ट या संशोधकांनी तेथील डाव संगणकाकडून तपासून घेतले आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पट पाहून खेळलेल्या जलद डावांच्या तुलनेत पट न पाहता खेळलेल्या डावांत मोठ्या चुका किंचितच अधिक होत्या, इतक्या थोड्या की तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. सावकाश खेळलेल्या डावांच्या मानाने मात्र जलद डावांत चुका स्पष्टपणे वाढलेल्या दिसल्या. ग्रँडमास्टरचे नुकसान डोळे मिटण्याने होत नाही, घड्याळाने होते.

अर्थात ही ग्रँडमास्टरांची गोष्ट. तालुका पातळीवर खेळणाऱ्याने पटाकडे पाठ केली की दहाव्या-बाराव्या खेळीनंतर त्याचा पट धूसर होऊ लागतो. त्याच्या बाबतीत सोव्हिएत ग्रँडमास्टर आणि मानसशास्त्रज्ञ निकोलाय क्रोगियस यांनी केलेली मांडणी फार उपयोगी आहे. मनातल्या पटाचे तीन दोष त्यांनी सांगितले. एक, मागे उरलेली प्रतिमा : मोहरे हलले किंवा मारले गेले, तरी मनात ते जुन्याच घरात उभे राहते. दुसरा, गोठलेली प्रतिमा : डाव आता जिंकलाच आहे असे मनाने ठरवले की पुढचे बदल नोंदलेच जात नाहीत. तिसरा, पुढची प्रतिमा : जी धमकी अजून दोन खेळ्या दूर आहे, ती आताच पटावर असल्यासारखी भिववते.

यांतला पहिला दोष पटाविना खेळणाऱ्याचा खरा वैरी. त्याचा परिणाम मात्र लोक समजतात त्याहून वेगळा असतो. उरलेल्या प्रतिमेमुळे खेळाडू चुकीची खेळी करतो, हे खरेच. पण त्याहून अधिक वेळा तो बरोबर खेळी करायचीच राहतो. काळ्याचा सी६ वरचा घोडा पाच खेळ्यांपूर्वी मारला गेलेला असतो, तरी डी४ हे घर अजून ‘धोक्याचे’ वाटत राहते आणि तेथे जाऊन जिंकणारा वजीर जागचा हलत नाही. अशी चूक डाव संपल्यावरही सहसा लक्षात येत नाही, कारण तिच्यामुळे काही गमावलेले दिसत नाही.

सुटणाऱ्या खेळ्यांची जातकुळीही यावरून कळते. आरंभापासून न हललेले मोहरे स्मृतीत सर्वांत कमी जागा व्यापते. ए१ च्या कोपऱ्यातला हत्ती विसाव्या खेळीला एकदम खुला झाला, तरी त्याची आठवण होत नाही. मागे येणारी खेळी सुटते, कारण मन हल्ला म्हणजे पुढे जाणे असे धरून चालते. उंटाची लांब तिरकी चाल सुटते, कारण ती पटाच्या एका भागातून दुसऱ्या भागात शिरते. आणि पटाच्या कडेला उभा असलेला घोडा सुटतो, कारण तेथे घोडा असण्याची मनाला सवयच नसते.

शेवटच्या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण डोळे उघडे ठेवून खेळलेल्या डावातले आहे. २००६ साली बॉन येथे जगज्जेता व्लादिमीर क्रामनिक ‘डीप फ्रिट्झ’ या संगणकाशी खेळत होता. दुसऱ्या डावात त्याने शांतपणे वजीर ई३ वर नेला आणि पुढच्याच खेळीला एच७ वर त्याच्यावर मात झाली. ती मात शक्य झाली, कारण पांढऱ्याचा घोडा एफ८ या पार कडेच्या घरात उभा राहून एच७ ला जोर देत होता. मेलडी अँबरमध्ये पट न पाहता खेळण्यात क्रामनिकच्या तोडीचे खेळाडू फार थोडे होते. पट समोर असताना त्याला एका खेळीतली मात दिसू नये, यावरून दिसणे आणि पाहणे यांतले अंतर कळते.

अनुष्टुभाची बत्तीस घरे

मनात पट धरून ठेवण्याची कला भारतीय परंपरेला परकी नाही. ती वेगळ्या वेषात आली, इतकेच. संस्कृत चित्रकाव्यात ‘तुरगपद’ नावाचा बंध आहे. अनुष्टुभ छंदात आठ अक्षरांचे चार चरण, म्हणजे बत्तीस अक्षरे असतात. बुद्धिबळाचा अर्धा पटही आठ घरांच्या चार ओळींचा, बत्तीस घरांचाच. प्रत्येक घरात एक अक्षर मांडायचे आणि घोड्याच्या अडीच घरांच्या चालीने, एकही घर दोनदा न शिवता, अक्षरे वाचत जायची, तरी अर्थपूर्ण श्लोक मिळाला पाहिजे. नवव्या शतकातल्या रुद्रटाच्या ‘काव्यालंकारा’त हा बंध आहे आणि अकराव्या शतकात माळव्याचा राजा भोज यानेही ‘सरस्वतीकंठाभरणा’त त्याचा विचार केला आहे. पुढे सतराव्या शतकात काशीला स्थायिक झालेल्या, मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने आपल्या ‘भगवंतभास्कर’ या धर्मशास्त्रग्रंथाच्या नीतिविषयक भागात बुद्धिबळाचे नियम दिले. दक्षिणेतल्या अवधानांमध्ये, म्हणजे एकाच वेळी अनेक आव्हाने पेलण्याच्या प्रयोगांत, पद्यरचना करता करता बुद्धिबळाचा डावही न पाहता खेळला जाई.

ज्याला एक अनुष्टुभ म्हणता येतो त्याच्याजवळ अर्धा पट तयार आहे, असे म्हणायला हरकत नाही. उरतो प्रश्न तो पट कोठे ठेवायचा याचा. लास व्हेगास येथे डिसेंबर २०१६ मध्ये ४८ जणांशी एकाच वेळी पट न पाहता खेळणारा तिमूर गारेयेव याने स्मृतिप्रासादाच्या जुन्या युक्तीचा आधार घेतला. ओळखीची वास्तू मनात आणायची आणि लक्षात ठेवायच्या गोष्टी तिच्या दालनांत ठेवत जायचे, ही ती युक्ती. बुद्धिबळासाठी वास्तूपेक्षा घाट बरा, कारण त्याला पायऱ्या असतात. भोजाच्याच माळव्यात, उज्जैनला शिप्रेच्या काठी असलेला राम घाट यासाठी उत्तम आहे. (पारगडाच्या बाजूने बेळगावकडे चढणारा राम घाट गोमंतकीयांच्या परिचयाचा आहे, हा तो नव्हे, हा नदीचा घाट.) महाकालेश्वराच्या दर्शनाला गेलेल्या बहुतेकांनी तो पाहिलेला असतो. ते मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभारले, ही गोष्ट कोकण-गोव्याकडच्या वाचकाला विशेष वाटावी.

पाण्यालगतची पायरी ही आपली पहिली ओळ आणि तेथून वर आठवी पायरी ही प्रतिस्पर्ध्याची, असे धरावे. प्रत्येक पायरीवर आठ चिरे, एक काळा, एक पांढरा. चिऱ्याचा रंग आठवावा लागत नाही, मोजता येतो : ए ला १, बी ला २ असे अंक देऊन त्यात पायरीचा अंक मिळवावा, बेरीज सम आली तर घर काळे, विषम आली तर पांढरे. एफ५ म्हणजे ६ आणि ५, बेरीज ११, म्हणून पांढरे. उंट कोणत्या घरांवर कधीच जाऊ शकणार नाही हे यावरून तात्काळ कळते आणि निम्म्या भीती गळून पडतात.

डाव एकाहून अधिक असतील तर पहिला राम घाटावर, दुसरा समोरच्या दत्त आखाडा घाटावर, तिसरा नृसिंह घाटावर मांडावा. म्हणजे एका डावातला हत्ती दुसऱ्या डावात शिरत नाही. ज्यांनी उज्जैन पाहिलेले नाही त्यांना मंगेशीच्या तळीच्या पायऱ्याही चालतील.

या मांडणीचा खरा उपयोग उरलेल्या प्रतिमेवर होतो. मोहरे मारले गेले की ते चिऱ्यावरून उचलून पाण्यात सोडल्याचे मुद्दाम मनात आणायचे. नुसते ‘घोडा गेला’ म्हणून पुढे जायचे नाही. दर चार-पाच खेळ्यांनी खालून वर सगळ्या पायऱ्या एकदा चालून यायचे, आणि तेही आपल्या न हललेल्या मोहऱ्यांपासून सुरुवात करून. घाटात एकच उणीव आहे. पायऱ्यांवरून आडवे आणि उभे चालता येते, तिरके चालणे अवघड जाते. म्हणून उंटाच्या वाटा पाढ्यांसारख्या पाठच कराव्या लागतात : बी१, सी२, डी३, ई४, एफ५, जी६, एच७. किल्लेकोट केलेल्या राजावरचे कितीतरी हल्ले याच वाटेने येतात आणि मनातल्या पटावर नेमकी हीच वाट अर्ध्यावर तुटते. घोड्यासाठीही असाच सराव आहे. ए१ वरून एच८ ला पोहोचायला घोड्याला किमान सहा खेळ्या लागतात, हे बोटे न मोजता सांगता येईपर्यंत तो करावा. ए१ वरून अगदी शेजारच्या बी२ ला जायला चार लागतात, हे ऐकून नवखे चकित होतात.

विक्रम आणि भीती

पट न पाहता खेळण्याचा इतिहास जुना आहे. सातव्या शतकात जन्मलेला अरब विद्वान सईद इब्न जुबैर पाठमोरा खेळत असे, असे सांगतात. १२६६ साली फ्लॉरेन्समध्ये बुझेका नावाच्या खेळाडूने एकाच वेळी तीन डाव मांडून त्यांतले दोन न पाहता खेळले. १७८३ मध्ये लंडनला फिलिडोरने तीन डाव न पाहता खेळले, तेव्हा तो मानवी बुद्धीचा चमत्कार मानला गेला. जॉर्ज कोल्टानोव्स्कीने १९३७ मध्ये एडिंबरा येथे ३४ डाव खेळले आणि एकही गमावला नाही.

मिगेल नायडॉर्फची कथा या यादीत न मावणारी आहे. पोलंडचा हा ज्यू खेळाडू १९३९ च्या ऑलिंपियाडसाठी ब्युनोस आयर्सला गेला असताना महायुद्ध पेटले आणि तो तिकडेच अडकला. घरच्यांचा ठावठिकाणा लागेना. एखादा मोठा विक्रम केला तर बातमी जगभर छापली जाईल आणि कुटुंबातले कोणी हयात असल्यास त्यांना आपण जिवंत असल्याचे कळेल, या आशेने त्याने १९४३ मध्ये रोसारिओ येथे ४० डाव न पाहता खेळले. १९४७ मध्ये साओ पावलोला त्याने ४५ डाव खेळून ३९ जिंकले, चार बरोबरीत सोडवले आणि दोन गमावले. त्याच्या कुटुंबाचा नाझींनी संहार केला होता.

या प्रकाराभोवती भीतीही बरीच पसरली. अमेरिकन खेळाडू हॅरी पिल्सबरी १९०६ मध्ये अवघ्या तेहतिसाव्या वर्षी मनोविकाराने खंगून गेला, तेव्हा न पाहता खेळल्यामुळे त्याचा मेंदू थकला असे म्हटले गेले. मृत्यूचे कारण खरे पाहता उपदंश हे होते. सोव्हिएत संघाने १९३० मध्ये अशा प्रदर्शनांवर आरोग्याला घातक म्हणून बंदी घातली. बुद्धीच्या श्रमाने माणूस वेडा होतो ही समजूत आपल्याकडेही जुनीच आहे. तिला आधार मिळालेला नाही.

बोटांनी पाहिलेला पट

ज्यांना पट पाहण्याचा पर्यायच नाही त्यांचे बुद्धिबळ मात्र या प्रदर्शनांपेक्षा वेगळे आहे, आणि त्याची सरमिसळ केली जाते ते बरोबर नाही. दृष्टिहीन खेळाडूला स्वतःचा स्वतंत्र पट वापरण्याचा अधिकार जागतिक महासंघाच्या नियमांनी दिला आहे. त्या पटाची काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घरात भोक आणि प्रत्येक मोहऱ्याच्या तळाला खुंटी असते, काळ्या मोहऱ्यांवर हाताला लागणारी खूण असते. समोरचा डोळस खेळाडू आपल्या नेहमीच्या पटावर खेळतो. ‘हात लावला की खेळायचे’ हा नियम येथे अर्थातच तसाच लागू होत नाही. मोहरे भोकातून उचलले तरच ते हलवणे बंधनकारक ठरते. खेळी मोठ्याने सांगायची असते आणि ऐकण्यात गफलत होऊ नये म्हणून उभ्या ओळींना अॅना, बेला, सीझर, डेव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर अशी नावे आहेत.

बोटे पट एकदम पाहू शकत नाहीत. ती एकेक भाग चाचपत जातात. डोळस खेळाडूला एका दृष्टिक्षेपात जे मिळते ते येथे तुकड्यातुकड्यांनी जोडावे लागते, आणि तेही घड्याळ चालू असताना. उजव्या बाजूच्या लढाईवर दोन्ही हात असताना डाव्या कोपऱ्यातून येणारा उंट निसटू शकतो, तो यामुळे. दुसऱ्या बाजूला, उरलेल्या प्रतिमेचा दोष येथे सौम्य होतो : शंका आली की बोट त्या घरावर नेऊन मोहरे आहे की नाही याची खात्री करता येते. पाठमोऱ्या विक्रमवीराला ती सोय नाही.

भारतात हे बुद्धिबळ उभे राहिले त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. शालेय वयात दृष्टी गमावलेल्या चारुदत्त जाधव यांनी अंधांसाठीच्या अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाच्या उभारणीत पुढाकार घेतला. २०१२ मध्ये दृष्टिहीनांचे बुद्धिबळ ऑलिंपियाड चेन्नईत भरले. त्याच वर्षी आलेल्या ‘अल्गोरिदम्स’ या इयन मॅकडोनाल्ड यांच्या माहितीपटात जाधव आणि त्यांच्यासोबत फिरणारी तीन मुले दिसतात. त्यांतला वडोदऱ्याचा दर्पण इनानी पुढे २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत पूर्ण दृष्टिहीनांच्या बी-१ गटात सुवर्णपदक जिंकून आला. डोळस खेळाडूंच्या खुल्या स्पर्धांतही तो खेळतो. तेथे त्याच्यासाठी बदल एवढाच, की प्रतिस्पर्ध्याने आपली खेळी स्पष्ट आवाजात सांगायची असते.